जुनी निळी गाडी, नवा रस्ता: 'रॅली-एक्स' परत खेळताना

खटारा

मंडळी, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या एका खोक्यातून माझं जुनं पीएसपी, म्हणजे सोनीचं हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र, निघालं. बॅटरी फुगून मागचं झाकण टम्म वर आलेलं, म्हणून बॅटरी काढून टाकली आणि नुसत्या चार्जरवर लावलं तर चक्क चालू झालं राव. आतली डिस्क घर्र घर्र करत फिरायला लागली आणि बायको किचनमधून विचारते, मिक्सर कोणी लावला?

डिस्क होती 'नामको म्युझियम बॅटल कलेक्शन', २००५ सालची. त्यात नामको या जपानी कंपनीचे जुने आर्केड गेम (पार्लरमधल्या मशीनवरचे) जसेच्या तसे आहेत आणि चार गेमचे नव्याने केलेले अवतारही आहेत, ज्यांना ते 'अरेंजमेंट' म्हणतात. त्यातला 'न्यू रॅली-एक्स अरेंजमेंट' मी तेव्हा भरपूर खेळलो होतो. मूळ 'रॅली-एक्स'ही त्याच डिस्कवर आहे, १९८० चा. म्हणजे आज्जा आणि नातू एकाच घरात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमची निळी गाडी, वरून दिसणारा बोळाबोळांचा चक्रव्यूह, दहा झेंडे गोळा करायचे, मागे लाल गाड्या लागलेल्या. तुमच्याकडे बंदूक वगैरे काही नाही, फक्त मागे धूर सोडता येतो. धुरात लाल गाडी सापडली की गरागरा फिरत बसते. पण धुराला पेट्रोल लागतं, आणि पेट्रोल संपलं की गाडी रडतखडत चालते आणि धूरही बंद. रस्त्यात दगड, त्यावर आपटलात की खलास. नकाशा स्क्रीनपेक्षा बराच मोठा, म्हणून उजव्या बाजूला एक रडार, त्यात झेंडे आणि गाड्या नुसते ठिपके म्हणून दिसतात.

तर झालं असं की आठवडाभर रोज रात्री अर्धा तास खेळतोय. नवा अवतार दिसायला मस्त, चकचकीत, रुंद स्क्रीन पूर्ण वापरलाय, कुठे म्हणून अडत नाही. तरी चार-पाच डाव झाले की हात आपोआप मेनूत मागे जातो आणि १९८० वाला लावतो. आणि तिथे दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला मरतो, मग परत तोच.

माझा प्रश्न असा की हे नुसतं स्मरणरंजन आहे, का जुन्यात खरंच काहीतरी आहे जे नव्यात निसटलंय? मला बोट ठेवता येत नाहीये.

चिंचगुळ

स्मरणरंजन. पुढचा धागा.

उगाच_एक

अरे हा आमच्याकडे होता!! ९९९९ इन १ कॅसेट मध्ये. लाल गाडी, समोरून ट्रक यायचे, पेट्रोल संपायचं मग रस्त्यात एक रंगीत गाडी यायची तिला धडकलं की पेट्रोल भरायचं. कॅसेट काढून फुंकर मारून परत लावायची. काय दिवस होते

बिट्टू_बाइट

@उगाच_एक, तो रोड फायटर. कोनामीचा. दर वेळी कुठेही गाडीच्या गेमचा विषय निघाला की महाराष्ट्रातले निम्मे लोक रोड फायटरच सांगतात :) त्यात रस्ता सरळ वर जातो, बोळ नाहीत, झेंडे नाहीत, रडार नाही.

उगाच_एक

बरं मग झेंडेवाला कुठला होता? एक होता नक्की. घरं घरं असायची आणि प्रत्येक घरात शिरलं की आत वेगळा रस्ता

बिट्टू_बाइट

तो बहुतेक रूट-१६ असेल. सनसॉफ्टचा, आर्केडला १९८१ मध्ये आला आणि फॅमिकॉमवर (निन्टेंडोचं टीव्हीला जोडायचं मशीन) १९८५ मध्ये 'टर्बो' नावाने. सोळा खोल्यांचा नकाशा, खोलीत शिरलं की तीच खोली स्क्रीनभर मोठी दिसते. रॅली-एक्सचा चुलतभाऊ म्हणा. पण रॅली-एक्स नव्हे.

उगाच_एक

म्हणजे मी रॅली-एक्स कधी खेळलोच नाही??? तीस वर्षं लोकांना सांगतोय

लोअर परळकर

धागा बघून एकदम थबकलो. मला वाटतं मी हा गेम बघितलाय, पण खेळलेलो नाही. सांगतो.

साल ८४-८५ असेल. आमच्या चाळीपासून दहा मिनिटांवर एक व्हिडिओ गेम पार्लर होतं, आधी तिथे टेलरचं दुकान होतं आणि आरशाच्या खुणा भिंतीवर तशाच होत्या. चार-पाच मशीन, पंखा एकच आणि तो मालकाच्या डोक्यावर. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, त्याच्याकडे पैसे असायचे, माझ्याकडे नसायचे. तो खेळायचा आणि मी मशीनच्या उजव्या बाजूला एका लाकडी खोक्यावर उभा राहायचो, कारण त्याशिवाय मला स्क्रीन दिसायचाच नाही. निळी गाडी आणि मागे पांढरे ढग एवढं पक्कं आठवतं. आणि एक गाणं, सतत तेच तेच वाजणारं, जे मी नंतर अंघोळ करताना म्हणायचो. आईला वाटायचं शाळेतलं आहे.

ते हेच होतं का, की मी पण @उगाच_एक यांच्यासारखा तीस-चाळीस वर्षं चुकीचं सांगतोय, देव जाणे.

कडीपत्ता

@लोअर परळकर, काका, टेलरच्या आरशाच्या खुणा! यावर वेगळा धागा काढा.

बिट्टू_बाइट

परळकर काका, सतत वाजणारं गाणं ही चांगली खूण आहे. त्या काळात बहुतेक गेममध्ये सुरुवातीला एक तुकडा वाजायचा आणि मग नुसते आवाज. खेळ चालू असताना मागे पूर्ण चाल वाजत राहणं हे रॅली-एक्समध्ये फार लवकर आलं. स्पेस इन्व्हेडर्समध्ये १९७८ लाच चार सुरांची धडधड होती हे खरं, पण तिला चाल म्हणणं म्हणजे पाटा-वरवंट्याच्या आवाजाला भैरवी म्हणण्यासारखं.

थोडा इतिहास सांगतो, कंटाळा आला तर पुढे सरका. १९७९ मध्ये सेगाचा 'हेड ऑन' आला. गाडी, गोल गोल रस्ते, ठिपके गोळा करायचे आणि समोरून उलट दिशेने येणारी गाडी चुकवायची. जपानात तो जोरात चालला. रॅली-एक्स त्याच वाटेवर पुढे गेलेला आहे, फक्त नामकोने दोन गोष्टी केल्या. एक, नकाशा स्क्रीनबाहेर नेला आणि चारी दिशांना सरकता केला. दोन, त्यामुळे जी पंचाईत झाली ती सोडवायला रडार दिलं. त्याच वर्षी आधी आलेला पॅक-मॅन आठवा, त्यात अख्खा चक्रव्यूह एका नजरेत दिसतो, चारही भुतं कुठे आहेत ते दिसतं. इथे तसं नाही. आणि पॅक-मॅनमध्ये मोठा ठिपका खाल्ला की तुम्ही उलटून भुतं खाऊ शकता, इथे उलटून काही करताच येत नाही, पळायचं फक्त.

हे सगळं झेड-८० प्रोसेसरवर, आजच्या वॉशिंग मशीनमधली चिप त्याहून हुशार असेल.

भोंगा

अमेरिकेतला किस्सा आहे ना एक, १९८० मध्ये शिकागोला आर्केडवाल्यांचं प्रदर्शन भरलं होतं तिथे पॅक-मॅन, डिफेंडर आणि रॅली-एक्स तिन्ही मांडले होते आणि जाणकारांनी सांगितलं की यातला रॅली-एक्स सगळ्यात जास्त चालणार, बाकीचे दोन पडणार. मग काय झालं ते जगाला माहीत आहे. जाणकारांचं ऐकून शेअर घेणाऱ्या माझ्यासारख्याला हा किस्सा फार जवळचा वाटतो

बिट्टू_बाइट

हा किस्सा इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलाय की आता त्याला पाय फुटलेत. थोडं मीठ लावून घ्या. पॅक-मॅन आणि रॅली-एक्स दोन्ही अमेरिकेत मिडवे कंपनीनेच आणले हे मात्र खरं, म्हणजे दुकान एकच होतं आणि एक पोरगं डॉक्टर झालं, दुसरं आपलं बरं चाललंय म्हणतं.

चिंचगुळ

दुसरं पोरगं मी.

कडीपत्ता

मूळ प्रश्नावर येते. खटारा, तुम्ही म्हणताय ते स्मरणरंजन नाही असं माझं मत, कारण मी हा गेम लहानपणी बघितलेलाच नाही. २००४ मध्ये लग्न होऊन न्यू जर्सीला गेले, नवरा दिवसभर ऑफिसात, मला गाडी चालवता येत नव्हती, बाहेर गुडघाभर बर्फ. तेव्हा त्याने सेलमध्ये एक जॉयस्टिक आणली जी सरळ टीव्हीला जोडायची, तिच्यातच पाच गेम. पॅक-मॅन, डिग डग, गॅलॅक्सियन, बॉस्कोनियन आणि रॅली-एक्स. मला बाकीचे चार झेपले नाहीत, हा झेपला. म्हणजे झेपला नाही, पण सोडवेना.

हसाल, पण मी ड्रायव्हिंग त्यावरच शिकले असं मी सगळ्यांना सांगते. तिथली गाडी थांबतच नाही ना, भिंत आली की स्वतःच वळते, तुम्ही वेळेत ठरवलं नाही तर ती ठरवते. पहिला महिना मी वळणच चुकायची. मग कळलं की बटण वळणावर दाबायचं नसतं, वळणाच्या आधी दाबून ठेवायचं असतं.

मी तुमच्या त्या नव्या अवताराचं सांगू शकत नाही, पण नंतर भाच्याकडे निन्टेंडोच्या 'वी' मशीनवर एक होता, २००७ चा 'रॅली-एक्स रीमिक्स', ज्यात गाडीत पॅक-मॅन बसवलाय. थोरला भाऊ फेमस झाला की त्याचा फोटो सगळ्या दुकानात लावायचा, तसं. तो मी अर्धा तास खेळले आणि गोड हसून परत दिला.

का ते सांगते. मूळ गेममध्ये धूर म्हणजे पेट्रोल आणि पेट्रोल म्हणजे वेळ. प्रत्येक वेळी बटण दाबताना पोटात कालवतं की आत्ता उडवला तर शेवटच्या झेंड्याला उरेल का. महिन्याच्या वीस तारखेला पाकीट उघडल्यासारखं. ही चणचण नसेल तर नुसतं फिरणं उरतं.

खटारा

कडीपत्ता ताई, वीस तारखेचं पाकीट हे एकदम पटलं. पण नव्यातही पेट्रोल आहे, धूरही आहे. चणचण थोडी सैल वाटते हे कबूल, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाहीये. अजून काहीतरी आहे.

सातवा_मजला

मी इथे सर्वात लहान असेन बहुतेक. मी 'रॅली-एक्स रंबल' खेळलोय, आयफोनवर, २०११ चा. मित्रांबरोबर एकमेकांच्या विरुद्ध खेळायचा. हॉस्टेलमध्ये आम्ही रात्री २ पर्यंत बसायचो. आता स्टोअरवर मिळत नाही, काढून टाकला.

आणि सॉरी पण जुना मी नंतर एमुलेटरवर (कॉम्प्युटरवर जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितला, बोअर आहे. एकट्याने तेच तेच. नवीन लोकांनी नवीन काहीतरी केलं तर लगेच आत्मा हरवला, मजा गेली, असं का म्हणतात सगळे? तुमच्या जुन्याला कोणी हात लावू नये का? आम्हाला मूळ गेमचं नावसुद्धा त्या रंबलमुळेच कळलं.

भोंगा

बाळा मुद्दा बरोबर आहे तुझा, पण ज्या गेमबद्दल बोलतोयस तो आता कोणालाच खेळता येत नाही आणि १९८० वाला खटाऱ्यांच्या माळ्यावर फुगलेल्या बॅटरीसकट चालतोय. यातच काय ते बघ

सातवा_मजला

ओके हे जरा लागलं.

बिट्टू_बाइट

@सातवा_मजला चं मला निम्मं पटतं. मूळ गेम पवित्र वगैरे काही नव्हता. नामकोनेच पुढच्या वर्षी, १९८१ मध्ये, तो दुरुस्त केला, त्याचं नाव 'न्यू रॅली-एक्स'. पहिला लोकांना फार अवघड गेला म्हणून हा सोपा केला. रंग उजळ केले, चाल बदलली, आणि ती नवी चाल इतकी गोड आहे की मी दोन वर्षं मोबाइलची रिंगटोन ठेवली होती.

त्यातली एक दुरुस्ती बघा. पहिल्या गेममध्ये दहातला एक झेंडा 'एस'चा असतो, तो घेतला की त्या राउंडमधल्या पुढच्या झेंड्यांचे गुण दुप्पट. झेंड्यांचे गुण १००, २००, ३०० असे चढत १००० पर्यंत जातात, म्हणजे एकूण ५५००. 'एस' सुरुवातीला मिळाला तर जवळपास दुप्पट, शेवटी मिळाला तर हात चोळत बसा. पण तो कुठे आहे हे रडारवर कळायचंच नाही, सगळे ठिपके सारखे. न्यू मध्ये तो ठिपका लुकलुकतो. शिवाय 'एल'चा झेंडा आला, तो घेतला की उरलेल्या पेट्रोलचे गुण मिळतात. म्हणजे पहिल्यात नशीब होतं तिथे दुसऱ्यात विचार आला: आधी लांबच्या 'एस'कडे जाऊ की जवळचे तीन उचलू? 'एल' लवकर घेऊ, टाकी भरलेली असताना?

म्हणून मी म्हणतो की चांगला रीमेक १९८१ मध्येच झाला होता. नंतरचे सगळे रंगरंगोटी.

अवांतर: तो 'एस'चा झेंडा पुढे नामकोच्या झेवियसमध्ये लपवून ठेवलाय, सापडला तर एक जीव जास्त.

अर्धा_कप

मी वाचनमात्र असतो पण राहवलं नाही. त्यातली ती मधली राउंड कोणाला आठवते का? तिसरी. लाल गाड्या रांगेत नुसत्या उभ्या असतात, हलत नाहीत. तुम्ही मजेत झेंडे गोळा करायचे. आणि मग पेट्रोल संपलं की त्या सुटतात. मला त्या उभ्या गाड्यांची हलणाऱ्यांपेक्षा जास्त भीती वाटायची. चाळीतल्या कट्ट्यावर पोरं नुसती बसलेली असतात ना, काही करत नाहीत, तरी आपण पावलं भराभर उचलतो, तसं.

बिट्टू_बाइट

चॅलेंजिंग स्टेज! बोनस राउंडची ही फार जुनी उदाहरणं. पुढच्या वर्षी गॅलागाने हीच कल्पना घेऊन नाव कमावलं.

भोंगा

म्हणजे गाणं याचं आधी, बोनस राउंड याची आधी, रडार याचं आधी, आणि नाव दुसऱ्यांचं. हा गेम कोकणातला आहे का

बिट्टू_बाइट

रडारचं सरसकट म्हणता येणार नाही, डिफेंडरमध्येही स्क्रीनच्या वर स्कॅनर होता आणि तो त्याच सुमाराचा. पण डिफेंडरचा स्कॅनर वर असल्याने नजर वर-खाली करायची. रॅली-एक्सचं उजवीकडे, थोडं दूर. फरक पडतो.

कडीपत्ता

थांबा थांबा. बिट्टू, तुम्ही सहज लिहून गेलात पण मला वाटतं गाठ इथेच आहे.

त्या रडारवर रस्ते दिसत नाहीत. नुसते ठिपके. भिंती नाहीत, दगड तर नाहीतच. म्हणजे झेंडा कुठे आहे ते कळतं, पण तिथे जायचं कसं ते कळत नाही. जसं पुण्यात पेठेत कोणी हात करून सांगतं, तो काय समोरच! आणि समोर असतो वाडा, आणि वळसा घालून येईपर्यंत चार एकदिशा मार्ग. मग सारखं काय होतं, एक नजर रडारवर, एक रस्त्यावर. रडारकडे बघितलं की दगडावर आपटणार, रस्त्याकडे बघितलं की लाल गाडी आडव्या बोळातून कधी आली ते कळणार नाही. मी जितक्या वेळा मेले त्यातल्या निम्म्या वेळा मी उजवीकडे बघत होते.

खटारा, तुमच्या नव्यात रुंद स्क्रीन आहे म्हणालात. म्हणजे रस्ता आधीच जास्त दिसत असेल. मग रडार किती वेळा बघता हो तुम्ही?

खटारा

...

ताई, खरं सांगू का, आठवत नाही बघितल्याचं.

कडीपत्ता

मग करून बघा. दोन्हीत रडारवर कागद चिकटवा आणि खेळा.

चिंचगुळ

या धाग्याचा आता प्रॅक्टिकलचा तास झालाय. जर्नल आणा, सरांची सही घ्या.

उगाच_एक

मी आता एमुलेटर वर खरा रॅली-एक्स लावला. पहिल्या राउंड ला ४ झेंडे. रोड फायटर जास्त चांगला होता

खटारा

केलं. काल रात्री, सगळे झोपल्यावर.

पोरीच्या वहीचा पिवळा चिकटकागद घेतला, कात्रीने मापात कापला, पीएसपीच्या स्क्रीनवर रडारपुरता लावला. आधी नवा अवतार, दहा डाव. थोडं चाचपडलो, पण खेळता आलं. पहिली राउंड दहापैकी सात वेळा पार झाली. गाडी फिरवत राहायचं, झेंडा नजरेच्या टप्प्यात येतोच, लाल गाडीही लांबून दिसते.

मग १९८० चा. दहा डाव. एकदाही पहिली राउंड पार झाली नाही. जास्तीत जास्त सहा झेंडे. उरलेले शोधत फिरतोय फिरतोय, पेट्रोल संपलं, गाडी रखडायला लागली आणि मागून त्या आल्या. एकदा तर एकच बोळ तीनदा फिरलो आणि मला वाटत होतं मी वेगळीकडे आहे. सगळ्यात वाईट म्हणजे कागद लावलेला असूनही नजर सारखी उजवीकडे जात होती. पिवळ्या कागदाकडे बघून दोनदा आपटलो.

मग कागद काढला आणि जुनाच परत खेळलो. आणि ते रडार परत दिसल्यावर जे वाटलं ना, बाळंतपणात माहेरचं माणूस दिसल्यासारखं. (हे बायकोचं वाक्य आहे, तिला सकाळी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढ्यासाठी जागलास?")

तर ताई, तुम्ही बरोबर. नव्याने मला जास्त दाखवलं आणि तिथेच तो हलका झाला. वाईट नाहीये तो, @सातवा_मजला, खरंच नाहीये, प्रवासात बरा. पण त्यात मी नुसता गाडी चालवतो. जुन्यात गाडी चालवता चालवता मनात नकाशाही जुळवत बसावं लागतं, हा ठिपका म्हणजे मघाचं ते दगडाचं वळण, त्याच्या खालून गेलो तर जमेल. डोकं दोन ठिकाणी. म्हणून मरतो आणि म्हणून परत लावतो.

बिट्टू_बाइट

दहा-दहा डावांवर निष्कर्ष काढू नये असं माझ्यातला इंजिनियर म्हणतो. पण पिवळ्या कागदाकडे बघून आपटलात यापुढे मी निशब्द.

अजून एक शंका, सवयीची. नवा तुम्ही तेव्हा भरपूर खेळलेला, त्यामुळे त्याचे नकाशे हातात बसले असतील. तोही हिशेब धरा.

खटारा

हो, ते आहे. धरला. तरीपण.

सातवा_मजला

मी परत लावला जुना. रडार नीट वापरून. पाचव्या राउंडपर्यंत गेलो. अजूनही मला मित्रांबरोबरचा जास्त आवडतो पण बोअर म्हणालो होतो ते मागे घेतो. धूर दोन बोळांच्या तोंडावर सोडला तर दोन गाड्या एकदम अडकतात, हे कोणी सांगितलं का नाही?

भोंगा

सांगितलं असतं तर तुझा चेहरा असा झाला नसता

लोअर परळकर

उशिरा आलो, माफी. दादाला फोन केला होता. तो आता नाशिकला असतो, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, घरीच बसून आहे, त्यामुळे गप्पा रंगल्या.

त्याला विचारलं, तो निळ्या गाडीचा गेम होता त्यात उजवीकडे काय होतं? तर म्हणाला, "काळी-निळी पट्टी होती, ठिपके होते. तू होतास ना तिथे." मी म्हटलं मी कुठे, मी तर नुसता खोक्यावर उभा. तर म्हणाला, "अरे तेच तर काम होतं तुझं. मी रस्ता बघायचो आणि तू ठिपके बघून ओरडायचास, वर दोन, खाली एक, मागे लाल आली. तू टायफॉइडने आजारी होतास तेव्हा मी एक रुपयासुद्धा लावला नाही. लावून उपयोगच नव्हता."

मला यातलं काही आठवत नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं की त्याने मला कधी खेळू दिलं नाही.

कडीपत्ता

काका :'(

अर्धा_कप

+१. चष्मा पुसतोय.

चिंचगुळ

माझा पहिला प्रतिसाद मी मागे घेत नाहीये, पण जरा हळू आवाजात म्हणतो.

उगाच_एक

परळकर काका म्हणजे तुमचा खरा रॅली-एक्स होता. अभिनंदन. माझा रोड फायटर च

खटारा

परळकर काका, तुमचा प्रतिसाद वाचून काल पोरीला शेजारी बसवलं. आठ वर्षांची आहे. सांगितलं, तू फक्त ही उजवीकडची चौकट बघायची आणि मला सांगायचं. पहिले दोन डाव नुसता गोंधळ, कारण तिचं डावं-उजवं अजून पक्कं नाही, ती "इकडे, इकडे" म्हणते आणि बोट दाखवायला स्क्रीनवरच ठेवते, मग मला रस्ता दिसत नाही. तिसऱ्या डावात तिने स्वतःच ठरवलं की उजवीकडे म्हणजे 'खिडकी' आणि डावीकडे म्हणजे 'कपाट'. मग "बाबा कपाट, कपाट, वर, खिडकी, लाल आलीय मागे, धूर धूर धूर!"

चौथी राउंड. माझी आजवरची सर्वात लांब मजल. पाचव्या डावाला चार्जरची वायर तिच्या पायात अडकली आणि सगळं बंद.

आता मला बॅटरी हवीये. जुन्या पीएसपीची चांगली बॅटरी पुण्यात कुठे मिळेल कोणाला माहीत असेल तर सांगा, ऑनलाइन एक मागवली होती ती आलीच फुगलेली.

भोंगा

व्यनि (खासगी निरोप) केला आहे. फुगलेली आता पंक्चरवाल्याकडे नेऊ नका म्हणजे झालं